थंडी सोसणारी बिगोनिया आणि सेमाडोहची सावली

प्रस्तुत टिपणाचा विषय वरवर पाहता इतिहासाच्या अभ्यासकाचा नव्हे. सावलीच्या बागेत थंडी सोसणारी बिगोनिया कशी वाढवावी, हा प्रश्न एका माळ्याने दुसऱ्या माळ्यास विचारावा आणि त्याचे उत्तर दोघांनी बांधावर बसून शोधावे, असाच त्याचा रंग आहे. तथापि हा प्रश्न मेळघाटातील सेमाडोहसारख्या ठिकाणी विचारला जातो तेव्हा त्यात एक गृहीतकृत्य शिरते. थंडी हीच वनस्पतीची खरी कसोटी होय, हे ते गृहीतकृत्य. ते कोठून आले, कोणत्या हवामानात जन्मले आणि वऱ्हाडच्या डोंगरात त्याचा कितपत उपयोग होतो, हे पाहणे मात्र इतिहासाचे काम आहे. कंदाशी आपणांस काय कर्तव्य, असे म्हणून ते टाळता येणार नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजी बागकामाच्या ग्रंथांत ज्या वनस्पतीस 'हार्डी' म्हणतात तिच्यासाठी मराठीत 'काटक' हा शब्द सर्रास योजला जातो. शब्द चांगला आहे. परंतु भाषांतरात त्याचा अर्थ आखडला. वऱ्हाडात एखाद्या बैलास वा माणसास काटक म्हटले म्हणजे त्याने उन्हाळा काढला, कष्ट काढले, अर्धपोटी दिवस काढले, असा बोध होतो. थंडीचा विचार कोणाच्या मनात प्रथम येत नाही. 'हार्डी' या शब्दाचा बागकामातील अर्थ याहून पुष्कळ अरुंद आहे. काचघराचा आसरा न देता उघड्यावर लावली असता जी वनस्पती इंग्लंडातील हिवाळा काढते ती 'हार्डी', एवढाच तो अर्थ. पुढे या अर्थास आकड्यांचे रूप आले. आल्फ्रेड रेडर याने १९२७ मध्ये उत्तर अमेरिकेचे असे पट्टे पाडले, आणि १९६० मध्ये अमेरिकन शेतकी खात्याने आपला प्रसिद्ध नकाशा काढला. त्या नकाशाचा आधार एकच: वर्षातील नीचतम तापमानाची सरासरी. उन्हाळा किती कडक, पाऊस केव्हा, हवेत ओल किती, या कशाचीही त्यात गणना नाही. त्या नकाशाच्या हिशेबाने पाहू गेल्यास सेमाडोहचा समावेश जवळजवळ अखेरच्या, म्हणजे अत्यंत सुखाच्या, पट्ट्यांत करावा लागेल. वैशाखात सेमाडोह पाहिलेल्या मनुष्यास हे सुख कसले ते सांगावयास नको. खुद्द अमेरिकेतही ही उणीव जाणवली आणि १९९७ मध्ये तेथील उद्यानविद्या संस्थेने उष्णतेचा स्वतंत्र नकाशा प्रसिद्ध केला. त्यात तीस अंश सेल्सियसवर पारा जाणारे दिवस मोजले आहेत. पहिल्या नकाशानंतर दुसरा निघण्यास सदतीस वर्षे लागली, ही गोष्ट बोलकी आहे.

आता वनस्पतीकडे वळू. बिगोनिया हे नाव फ्रेंच वनस्पतिज्ञ शार्ल प्ल्यूमिये याने सतराव्या शतकाच्या अखेरीस मिशेल बेगाँ नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या सन्मानार्थ दिले. हा अधिकारी कॅरिबियन बेटांवरील फ्रेंच वसाहतींचा कारभार पाहून गेलेला होता. अर्थात या कुलाची युरोपास झालेली पहिली ओळख उष्ण बेटांवरील होती. १७९१ मध्ये योनास ड्रायांडर याने लिनीअन सोसायटीच्या पहिल्याच खंडात बिगोनियांचे व्यवस्थित वर्णन केले. त्यात ज्या जाती आल्या त्यांपैकी दोन आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत. एक बिगोनिया ग्रँडिस, आणि दुसरी आपल्या सह्याद्रीतील बिगोनिया क्रेनाटा. एकाच लेखकाने एकाच निबंधात ज्यांचे नामकरण केले त्या या दोन बहिणींचे पुढील नशीब किती भिन्न झाले ते पाहण्यासारखे आहे.

बिगोनिया ग्रँडिस ही मूळची चीनमधील. तेथून ती सतराव्या शतकात जपानात गेली, आणि १६९० ते १६९२ या काळात जपानात राहिलेल्या एंगेलबर्ट केंफर याने तिची नोंद केली. चिनी व जपानी दोन्ही भाषांत तिच्या नावात शरद ऋतूचा उल्लेख आहे. कारण ती फुलते ती उन्हाळा उतरल्यावर. १८०४ साली ती इंग्लंडात पोचली. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीशी संबंधित असलेल्या एव्हन्स नामक बागप्रेमी गृहस्थाचे नाव तिला पुढे काही वर्षांत देण्यात आले आणि 'एव्हन्सियाना' या नावानेच ती दीर्घकाळ ओळखली गेली. येथे एक योगायोग नमूद करण्याचा मोह आवरत नाही. त्याच कंपनीच्या फौजेने १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड घेतला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा. म्हणजे कंपनीचा हात मेळघाटाच्या दारापर्यंत पोचला आणि चिनी बिगोनिया कंपनीच्या माणसांच्या परिघातून लंडनच्या बागांत शिरली, या गोष्टी काही महिन्यांच्या अंतराने घडल्या. यांत कार्यकारणभाव काहीच नाही. परंतु अंजनगावाचे नाव पुढे निराळ्या कारणाने पुन्हा येणार आहे, म्हणून ते येथे लक्षात ठेवावे.

इंग्लंडात या बिगोनियेचे कौतुक झाले ते एका गुणामुळे. कडाक्याच्या थंडीत तिचा वरचा भाग मरतो, परंतु जमिनीतील कंद जिवंत राहतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. शिवाय पानांच्या बगलेत वाटाण्याएवढ्या वा त्याहून लहान कंदिका धरतात. त्या गळून जमिनीवर पडतात आणि पुढील वर्षी प्रत्येकीचे झाड होते. पुढे १८६० नंतरच्या दशकात रिचर्ड पीअर्स याने अँडीज पर्वतातून कंदयुक्त बिगोनिया इंग्लंडात पाठविल्या, त्यांच्या संकरांतून मोठ्या फुलांच्या जाती निघाल्या. आसामातून गेलेल्या बिगोनिया रेक्सचे नामकरण १८५७ मध्ये झाले आणि रंगीत पानांची एक सबंध शाखा तयार झाली. या साऱ्यांच्या गर्दीत ग्रँडिसचा मान टिकला तो केवळ काचघराबाहेर हिवाळा काढण्याच्या गुणावर. 'थंडी सोसणारी बिगोनिया' हा शब्दप्रयोग म्हणजे मूलतः तिचेच वर्णन होय.

याउलट क्रेनाटा. घाटावर ती पावसाळ्यात जांभ्याच्या व काळ्या खडकांच्या ओल्या कपाऱ्यांत, किल्ल्यांच्या तटांवर, शेवाळलेल्या झाडांच्या खोडांवर उगवते. काही भागांत तिला मोतीयेन म्हणतात. श्रावण-भाद्रपदात फिकट गुलाबी फुले येतात, पानांची चव आंबट, आणि दसऱ्याच्या सुमारास पाहावे तो खडक उघडा. कंद मात्र फटीत निजलेला असतो. आठ महिने तो कोरड्या खडकात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, तसाच पडून राहतो आणि मृगाच्या सरी आल्या की उठतो. या वनस्पतीस 'काटक' असे कोणी म्हटल्याचे बागकामाच्या ग्रंथांत आढळत नाही. कारण उघड आहे. ज्या परीक्षेत ती उत्तीर्ण होते ती परीक्षा ग्रंथकर्त्यांच्या देशात घेतलीच जात नाही.

दोघी कंद धरून निजतात, हे साम्य. परंतु निजावयास आणि उठावयास त्यांस कोण सांगते, हा खरा प्रश्न आहे, आणि सेमाडोहच्या दृष्टीने सर्व काही त्यावरच अवलंबून आहे. ग्रँडिसच्या बाबतीत या प्रश्नाचा अभ्यास जपानातील तोहोकु विद्यापीठात एसाशी आणि नागाओ या संशोधकांनी १९५८ पासून पुढे अनेक वर्षे केला. त्यातून जे निष्पन्न झाले ते थोडक्यात असे. दिवस लहान होऊ लागले की वनस्पती कंदिका धरू लागते आणि निजण्याची तयारी करते. नंतर कंदिकेची निद्रा मोडण्यासाठी काही आठवडे सलग गारवा लागतो. गारव्याचा हप्ता पुरा झाला आणि ऊब आली म्हणजे ती फुटते. म्हणजे ही वनस्पती थंडी केवळ सोसते असे नव्हे. थंडी तिला हवी असते. तिच्या दृष्टीने थंडी ही पहाटेच्या कोंबड्यासारखी आहे. 'थंडी सोसणारी' या विशेषणाने ही महत्त्वाची बाजू पूर्णपणे झाकली जाते.

आता सेमाडोहकडे जाऊ. परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांग ओलांडून सिपना नदीच्या खोऱ्यात उतरतो, तेथे हे गाव आहे. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. नदीस झाडाचे नाव मिळाले आहे, यावरून या रानाचा धनी कोण ते समजते. गावाच्या नावात डोह आहे. मेळघाटातील नद्या उन्हाळ्यात आटतात, परंतु खोलगट ठिकाणी पाणी साठून राहते आणि वैशाखात वन्य प्राण्यांचे व माणसांचे जीवन अशा डोहांवर चालते. पावसाळ्यात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, हिवाळ्यात रात्री बोचरी थंडी व दुपारी सुखद ऊन, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे, असा येथील वर्षाचा क्रम.

थंडीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ३,६६४ फुटांवर. सेमाडोह त्याच्या पुष्कळ खाली, दरीत. साहजिकच चिखलदरा अधिक थंड, असे आपण समजतो. दुपारच्या वेळेपुरते ते खरे आहे. निरभ्र, निवांत अशा पौषातील रात्री मात्र गार हवा जड होऊन पठारावरून घरंगळते आणि दरीच्या तळाशी पाण्यासारखी साचते. पहाटे दरीतल्या गवतावर दहिवर पडते तेव्हा वरचे पठार त्यामानाने उबदार असू शकते. सातपुड्यातील वनाधिकाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. १९०५ च्या प्रारंभी उत्तर व मध्य हिंदुस्थानात असाधारण थंडी पडून रानांची हानी झाली; ट्रूप याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी वृक्षांवरील त्रिखंडात्मक ग्रंथात त्या वर्षीच्या अनुभवाचा उल्लेख ठिकठिकाणी केला आहे. अर्थात सेमाडोहला थंडी नाही असे नव्हे. परंतु ती पहाटेपुरती असते. दुपारी तिचा मागमूस राहत नाही. ग्रँडिसच्या कंदिकेस सलग गारवा हवा, आणि येथे तर रोज मध्यान्ही तिची मोजणी मोडते.

याहून कठीण अडचण फाल्गुनात येते. समजा, पौष-माघातील थंडीने कंदाची निद्रा कशीबशी मोडली. मग त्यास ऊब हवी; ती फाल्गुनात भरपूर मिळते. कंद फुटतो. आणि तो फुटतो केव्हा? जेव्हा वरचा साग निष्पर्ण झालेला आहे, ओहोळ आटत आहेत, पहिला पाऊस तीन महिने दूर आहे. चीनमध्ये वा इंग्लंडात वसंताची ऊब येते ती ओल बरोबर घेऊन, आणि झाडांची नवी पालवीही त्याच सुमारास डोक्यावर येते. तेथे ऊब हा विश्वासू निरोप्या आहे. सातपुड्यात तोच निरोप्या खोटा निरोप आणतो. क्रेनाटा त्याच्या शब्दावर उठत नाही. ती पाण्याची वाट पाहते. आमच्या मते सेमाडोहच्या बागेतील संपूर्ण प्रश्न या एका भेदात सामावलेला आहे.

सागाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण सावलीची बाग म्हटली की सावली कोणाची हे विचारले पाहिजे. बागेविषयीचे पाश्चात्य ग्रंथ पानगळीच्या झाडांखाली अशा बिगोनिया लावण्याचा सल्ला देतात, आणि सेमाडोहच्या भोवती पानगळीचे रान हवे तेवढे आहे. वर्षाचा हिशेब मांडला तर ही जोडी जमण्याजोगी दिसते: साग पावसाळ्यात पालवतो, कंदही पावसाळ्यात वाढेल, साग उन्हाळ्यात उघडा, कंदही तेव्हा निजेल. परंतु सागाखाली उभे राहून पाऊस पाहिला म्हणजे हे चित्र तितके सुबक राहत नाही. सागाच्या रुंद पानावर पाणी साठून मोठ्या थेंबांनी खाली पडते. या थेंबांनी सागवनातील उघडी माती उखडते हे वनशास्त्रात प्रसिद्ध आहे. बिगोनियेचे रसरशीत, ठिसूळ पान त्यापुढे काय टिकणार? शिवाय पावसाळ्यात पाने खाणाऱ्या अळ्यांची धाड आली तर भर श्रावणात सागाची चाळण होते, आणि ज्या सावलीवर आपण भिस्त ठेवली ती आठवड्यात नाहीशी होते. राहिला पाचोळा. थंड देशात हिवाळ्यात कंदावर वाळक्या पानांचे जाड पांघरूण घालावे असा नियम आहे. तो सेमाडोहला पाळणे म्हणजे वाळवीला पंगत घालणे, आणि फाल्गुनानंतर वणव्याला सरपण पुरविणे होय. सागापेक्षा नाल्याकाठचे जांभूळ, अर्जुन, करंज, उंबर यांची सावली अधिक भरवशाची. तेथे माती खोल, हवा ओलसर आणि पाने बहुतेक काळ डोक्यावर.

अशा डोंगराळ वऱ्हाडात बागांचे प्रयोग झाले नाहीत काय? झाले, परंतु ते बहुतेक चिखलदऱ्यास. हैदराबाद कंटिंजंटचा कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये तेथे पोचला असे सांगितले जाते आणि पुढे एलिचपूरच्या छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांचे ते उन्हाळी ठिकाण झाले. इंपीरियल गॅझेटियरमधील चिखलदऱ्यावरील नोंदीत ऋतुमानाप्रमाणे एकामागून एक फुलणाऱ्या वनस्पतींचा उल्लेख आहे: गुलाब, क्लेमॅटिस, ऑर्किड, नेचे, लिली. बटाटा उत्तम होतो आणि कॉफीही येते, असेही म्हटले आहे. या यादीत बिगोनिया नाही. एवढ्यावरून ती तेथे कोणाच्या व्हरांड्यात कुंडीत नव्हतीच असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. सरकारी नोंदीतील मौनाचा अर्थ लावताना इतिहासकाराने सावध असावे. परंतु यादीचा कल पाहण्यासारखा आहे. ऑर्किड, नेचे, लिली ही पावसाबरोबर येणारी आणि उन्हाळ्यात निजणारी वा दडणारी मंडळी आहेत. गुलाब काय तो अपवाद, आणि त्यास माळ्याच्या घागरीचा आधार असतो.

कॉफीची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात कॉफीची लागवड टिकली ती चिखलदऱ्यास, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील मिशनऱ्यांनी तिला चालना दिली. कॉफी हे सदापर्णी झुडूप; त्यास निजण्याची सोय नाही. वर्षभर सावली आणि उन्हाळ्यात ओल मिळाली तरच ते जगते. म्हणून कॉफीवाल्यास प्रथम वृक्ष सांभाळावे लागतात आणि मग कॉफी. चिखलदऱ्याच्या कॉफीकडे आपण एक नवल म्हणून पाहतो. वस्तुतः या डोंगरात सावली ही लावून, राखून मिळवावी लागते, याचा तो जिवंत पुरावा आहे.

परंतु सावली मिळविण्याची विद्या वऱ्हाडात मिशनऱ्यांच्या किंवा छावणीतील साहेबांच्या आधीपासून होती, आणि ती डोंगरात नव्हे तर डोंगराच्या पायथ्याशी होती. ज्या अंजनगाव-सुर्जीचे नाव आपले विद्यार्थी केवळ १८०३ च्या तहामुळे पाठ करतात, ते गाव वऱ्हाडी माणसास ठाऊक आहे ते विड्याच्या पानांसाठी व पानपिंपरीसाठी. अंजनगाव, परतवाडा, अकोट या सातपुड्याच्या कडेच्या पट्ट्यात बारी समाजाने पानमळ्यांची परंपरा जोपासली. नागवेल ही ओलसर, दमट रानाची वेल. तिला वऱ्हाडच्या उन्हात जगविणे हे बिगोनिया जगविण्याइतकेच, किंबहुना अधिक, अवघड काम आहे, कारण तिलाही निद्रा ठाऊक नाही.

पानमळा कसा रचतात ते पाहावे. शेवरी, पांगारा, शेवगा, हादगा अशी जलद वाढणारी, हलक्या पानांची झाडे आधार म्हणून दाट लावतात. त्यांच्यावर वेल चढते. भोवती ताट्या लावून उन्हाळी वारा अडवितात, कारण उन्हापेक्षा वाऱ्याने वेल लवकर करपते. पाणी थोडे थोडे परंतु वारंवार. पावसाळ्यात आधारवृक्षांच्या फांद्या छाटून उजेड आत घेतात. उन्हाळ्यात त्या राखून सावली घट्ट करतात. वेल फार वर गेली की तिची उतरण करतात, म्हणजे ती खाली घेऊन तिचा खालचा भाग मातीत दाबतात आणि शेंडा नव्याने आधारावर चढवितात. या साऱ्या व्यवस्थेत सावली ही स्थिर वस्तू नसून ऋतूप्रमाणे कमीअधिक करावयाची गोष्ट आहे. साग याच्या नेमका उलट वागतो: पाऊसकाळी दाट, वैशाखात नागडा. पानमळ्याच्या मालकाने सागाखाली बाग केली नसती, हे निश्चित.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडांच्या ग्रंथात बरई जातीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात नागवेलीच्या उत्पत्तीची कथा दिली आहे. पांडवांना यज्ञासाठी पाने हवी होती, म्हणून त्यांनी पाताळात दूत पाठविले, आणि नागांच्या राणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले. त्यापासून वेल उगवली. कथा म्हणून ती गोड आहे, आणि अशा ग्रंथांत कथा व विधी यांसच अधिक जागा मिळते. परंतु फांदी केव्हा छाटावी आणि केव्हा राखावी हे ज्ञान त्या प्रकरणांतून हाती लागत नाही. आमच्या मते वऱ्हाडच्या कृषि-इतिहासाचे हे मोठे वैगुण्य आहे. साहेबाच्या व्हरांड्यातील गुलाबाची नोंद गॅझेटियरमध्ये झाली. पानमळ्यातील छाटणीचे पंचांग बापाकडून मुलाकडे गेले आणि कागदावर क्वचितच आले. ते आज मिळवायचे तर वृद्ध बागाईतदारांच्या तोंडूनच मिळवावे लागेल, आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावे, अशी सूचना करण्यास हरकत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतही वऱ्हाडची अशीच ओढाताण झाली. कुक याचा १९०१ ते १९०८ या काळात निघालेला ग्रंथ मुंबई इलाख्यापुरता. १८५३ नंतर ब्रिटिश अमलाखाली आलेला परंतु नावाने निजामाचा असलेला वऱ्हाड त्याच्या सीमेबाहेर पडला. मेळघाटाच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक पटेल यांनी १९६८ मध्ये लिहिले, आणि धोरे व जोशी यांचे १९८८ मध्ये आले. तोपर्यंत या डोंगरात काही लावू इच्छिणाऱ्या मनुष्याच्या हाती असत ती बंगाल्याच्या वा पुण्याच्या हवेत लिहिलेली पुस्तके: फर्मिंजरचे बंगाल व उत्तर हिंदुस्थानासाठी १८६३ च्या सुमारास निघालेले, किंवा पुण्याच्या वुड्रो याचे त्यानंतरचे. ती पुस्तके वाईट नव्हती. परंतु त्यांतील उन्हाळा हा सिपनेच्या दरीतला उन्हाळा नव्हे.

मग सेमाडोहला बिगोनिया लावू नये काय? लावावी, परंतु कोठे आणि कशी, याला येथे मर्यादा आहेत. २२ फेब्रुवारी १९७४ पासून मेळघाट हा व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या परिसरात बाहेरची वनस्पती मोकळ्या जमिनीत लावणे हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. घाणेरी, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात, ती १८०७ मध्ये कलकत्त्याच्या कंपनीबागेत शोभेचे झुडूप म्हणून आली. तिच्या पुढील प्रवासाचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही, मेळघाटात चालणाऱ्या प्रत्येकाच्या अंगरख्याने ते वाचले आहे. २०२२ च्या वन्यजीव कायद्यातील दुरुस्तीने परकी आक्रमक जातींचा कायद्यात प्रथमच स्वतंत्र विचार केला. ग्रँडिस ही घाणेरीसारखी दांडगी नाही. तरीही जपानात ती लावलेल्या बागांतून सुटून ओल्या, सावलीच्या जागी आपसूक रुजली आहे, आणि बगलेतील कंदिका ओहोळाच्या पाण्याबरोबर कोठेही जाऊ शकतात. आणि तिला सर्वांत मानवणारी जागा म्हणजे वर सांगितलेला नाल्याकाठ. नेमकी तीच जागा तिला देऊ नये. म्हणून ती घराच्या आवारात, कुंडीत, आणि कंदिका गळण्याआधी वेचून घेण्याच्या बोलीवर लावावी.

कुंडीचा दुसरा लाभ असा की फाल्गुनातील खोट्या निरोपावर उपाय करता येतो. पाने पिवळी पडली की पाणी तोडावे. कंद काढून कोरड्या वाळूत, घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात, मातीच्या मडक्यात ठेवावेत, आणि फुटण्याची चिन्हे दिसली तरी पाणी देऊ नये. मृग लागून जमिनीची धग उतरल्यावरच लावावेत. माती पाचोळ्याच्या कुजलेल्या खताची, निचऱ्याची. नुसती काळी कपाशीची माती पावसात चिकटून कंद कुजविते. कुंड्या घराच्या उत्तरेच्या अंगास, वळचणीच्या धारेपासून दूर ठेवाव्यात. पश्चिमेस पानमळ्याप्रमाणे एक ताटी उभी करावी आणि तिच्यावर शेवरीची वा हादग्याची सावली धरावी; आषाढात तिची छाटणी करावी, अश्विनातले ऊन चढू लागले की फांद्या राखाव्यात. थंडीसाठी पांघरूण घालण्याचा खटाटोप करू नये. पौषातील दहिवराने कंदाचे काही बिघडत नाही, आणि ती गारठ्याची थोडकी शिदोरी त्यास मिळालेली बरी.

याच रांगेत, शेजारच्या कुंडीत दगडांच्या फटी करून, रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेली क्रेनाटा लावावी. तिचा कंद काढू नये, हलवू नये, वैशाखातही तेथेच राहू द्यावा. दोन्ही कुंड्यांसाठी एकच नोंदवही ठेवून प्रतिवर्षी तीन तारखा टिपाव्यात: पहिला कोंब कधी दिसला, पहिला पाऊस कधी झाला, आणि शेवटचे पान कधी गळले. अशा पाच-सहा वर्षांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे सेमाडोहपुरता 'काटक' या शब्दाचा अर्थ कोणत्या कुंडीवर लिहावयाचा, हे त्या तारखांवरून ठरविता येईल.